तरतूद आहे, पण तिजोरीत पैसा आहे का?

माजी लेखापाल, त्रिमूर्तीनगर

नमस्कार मंडळी. नागपूर महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की चर्चा एकाच गोष्टीची होते, आकडा किती कोटींनी वाढला. मला दुसरंच मांडायचं आहे. जलप्रदाय म्हणजे पाणीपुरवठ्यासारख्या मोठ्या विभागाची नव्या कामांची तरतूद मागच्या 3 वर्षांत प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेच्या सरासरीवर बांधून टाकावी. त्याच्या वर एक रुपया नको.

कायद्याने अंदाजपत्रकात तरतूद असल्याशिवाय महापालिकेला खर्च करता येत नाही, म्हणून जो तो तरतुदीमागे धावतो. पण तरतूद म्हणजे परवानगी, पैसा नव्हे. जमेची बाजू फुगवली की परवानग्या वाढतात, ठेकेदारांना काम सुरू करायचे कार्यादेश निघतात आणि त्यांची देयकं (बिलं) मात्र तिजोरीत असेल तेवढीच निघतात. उरलेली पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसतात.

मी नागपूरबाहेर, एका दुसऱ्या शहराच्या पाणी विभागात 22 वर्षं लेखा शाखेत होतो. देयकांची नोंदवही हिरव्या कापडी बांधणीची, शेवटचा रकाना ‘अदा केल्याचा दिनांक’. एका वर्षी जानेवारीपासून पुढे पानंच्या पानं तो रकाना कोरा होता. काम झालेलं, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली, सह्या झालेल्या. पगार थांबवता येत नाही, पेन्शन थांबवता येत नाही, पंपाचं वीजबिल थकलं तर वीज तुटते. मग थांबते ती देखभाल-दुरुस्ती. पॅकिंग गेलेला एक व्हॉल्व्ह आमच्याकडे पूर्ण उन्हाळा गळत होता. गल्लीतल्या कुणीतरी त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती. विभागाच्या अंदाजपत्रकात त्या वर्षी दुरुस्तीची तरतूद भरपूर होती.

हुडकेश्वरची रहिवासी

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण हा उपाय आमच्या मुळावर येतो. हुडकेश्वर-नरसाळा महापालिकेत उशिरा आलं. अशा भागात आधी जलवाहिनी येते, मग नळजोडणी, मग मीटर, मग बिल. वसुली सगळ्यात शेवटी. तुम्ही मागच्या वसुलीची सरासरी धरलीत तर जिथे आज लाइनच नाही तिथे उद्याही येणार नाही. ज्यांच्याकडे नळ आहे त्यांच्याच भागात पैसा फिरत राहील.

पाण्याची लाइन पुढची 30-40 वर्षं चालते. तिचा खर्च एका वर्षाच्या वसुलीतून का काढायचा? पुण्याने 2017 मध्ये 24 तास पाणी योजनेसाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढलेच ना, 10 वर्षांच्या मुदतीचे. घर बांधताना आपण पगाराच्या शिलकीवर थांबत नाही, कर्ज काढतो.

छोटा ठेकेदार, लकडगंज

ताई, कर्ज काढा, पण आमचे पैसे द्या जी. विदर्भातल्याच एका नगरपरिषदेत पाइपलाइनचं काम केलं, नाव घेत नाही. शेवटचं देयक 14 महिन्यांनी मिळालं. तोवर पाइपवाल्याची उधारी, मजुरांचे आठवड्याचे पैसे, बँकेचं ओव्हरड्राफ्टचं व्याज सगळं माझ्या अंगावर. बायकोच्या बांगड्या ठेवाव्या लागल्या. पुढच्या निविदेत मी काय केलं असेल? उशीर होणारच हे धरून दर वाढवून भरला. ज्यांच्या अंगात दम नाही ते निविदाच भरत नाहीत. मग दोन-तीन मोठे उरतात आणि ते सांगतील तो दर. उशिराचे पैसे शेवटी शहरच देते, फक्त वेगळ्या लेखाशीर्षातून. काकांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

अर्थशास्त्राचा मास्तर, धरमपेठ

दोघांच्याही दुखण्याचं मूळ मला दुसरीकडे दिसतं. वाडी नाक्यावर जकातीसाठी लागलेल्या ट्रकच्या रांगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवेल. जकात वाईट होती, भ्रष्टाचाराचं कुरण होतं, पण रोजचा रोकडा रोज तिजोरीत पडायचा. 1 एप्रिल 2013 ला तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट 2015 मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांचा तोही गेला आणि 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर उरलासुरला संपला. आता राज्य सरकार दरमहा नुकसानभरपाई देते, वर्षाला 8 टक्के वाढ धरून. महापालिकेच्या जमेतला सगळ्यात मोठा वाटा तोच. म्हणजे ज्या पैशावर शहर चालतं तो वाढवणं आपल्या हातात नाही. हातात उरले मालमत्ता कर आणि पाणीपट्टी.

म्हणून सरासरीची फूटपट्टी मला मान्य नाही. मालमत्ता कराची वसुली दुसऱ्या विभागाने ढिली केली तर शिक्षा जलप्रदायने का भोगावी? त्यापेक्षा पाणीपट्टीचं खातं वेगळं करा. पाण्याचा पैसा पाण्यावरच खर्च व्हावा, आधी वीज, मग दुरुस्ती, मग कर्जाचा हप्ता. भांडेवाडीला प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, त्याचे पैसेही याच खात्यात यावेत. दर वाढवायची मुभा महापालिकेच्या पाण्याच्या उपविधीतच (नियमांतच) आहे, वर्षाला 5 टक्के. लोक ती कुरकुरत का होईना देतात. तो पैसा कुठे गेला हे त्यांना एका ओळीत दिसलं पाहिजे.

माजी लेखापाल, त्रिमूर्तीनगर

सर, वेगळ्या खात्याला माझा पाठिंबा आहे. पण वेगळं खातं नुसतं उघडून भागत नाही. आमच्याकडे तेही होतं. मार्चअखेर दुसऱ्या विभागाचा पगार अडला की ‘तात्पुरती उचल’ म्हणून त्यातून पैसे जायचे आणि परतफेडीची नोंद मला कधी करावी लागली नाही. ठराविक कारणांशिवाय बँकच पैसे सोडणार नाही असं एस्क्रो खातं असेल तरच अर्थ आहे.

ताई, तुमचा मुद्दा मी नीट धरला नव्हता, हे मान्य. नव्या वस्तीची मुख्य लाइन सरासरीच्या बाहेर ठेवू आणि ती कर्जातून होऊ द्या. पण कार्यादेश निघण्याआधी त्या कर्जाचा पहिला हप्ता खात्यात जमा झालेला असावा. मंजुरीच्या पत्रावर खोदकाम नको.

हुडकेश्वरची रहिवासी

एवढं चालेल. पण एक गोष्ट राहिली. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या घरांत पाणी शिरलं, ते कुठल्या सरासरीत बसवणार? आणि तेव्हा सभागृहही नव्हतं. मार्च 2022 ला मुदत संपल्यावर प्रशासकच अंदाजपत्रक आणत होते. आमच्या वस्तीला टँकरऐवजी लाइन द्या हे त्या वेळी कोणी उभं राहून बोलायचं? तुमचे नियम पक्के करा, पण ते मोडायची वेळ आली तर कोणाच्या सहीने मोडले, किती रकमेसाठी मोडले, हे दहाही झोनच्या कार्यालयात फलकावर लागलं पाहिजे.

छोटा ठेकेदार, लकडगंज

त्याच फलकावर थकलेल्या देयकांची यादीही लावा, तारखेसह. कोणाचं नंतरचं देयक आधी निघालं ते सगळ्यांना दिसू द्या.

माजी लेखापाल, त्रिमूर्तीनगर

पुरासाठी राखीव निधी वेगळा हवा आणि त्यासाठी दुरुस्तीच्या पैशाला हात लागू नये. यादीचं मात्र मला आधी सुचायला हवं होतं. त्या हिरव्या वहीतली पानं फोटो काढून दर महिन्याला लावली असती तर बांगड्या ठेवायची वेळ काही जणांवर आली नसती. नमुना मी तयार करतो: कामाचं नाव, मोजमापाची तारीख, देयकाची तारीख, अदा केल्याची तारीख, थकलेले दिवस. अजून एखादा रकाना हवा असेल तर सांगा.