हळदी-कुंकवात बोलायला १५ मिनिटं मिळालीत, शेंगा चटणीबद्दल काय बोलू?

भाकरी_चटणी: रथसप्तमीच्या आत जुळे सोलापुरातल्या एका सोसायटीत हळदी-कुंकू आहे. ४० बायका, माइक आहे. शेंगा चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी घरी करून विकते. नुसतं "आमच्याकडून घ्या" म्हणायचं नाही. काय बोलावं, चाखायला किती न्यावं?

खलबत्ता: विषय "माझा माल" ठेवू नका, "चांगली शेंगा चटणी ओळखायची कशी" ठेवा. खलबत्ता सोबत न्या. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, तिखट, मीठ घरूनच मोजून न्या आणि तिथं दोन मुठी कुटा. तेल सुटलं की चटणी बोटांना चिकटते, दाबली की गोळा धरते. तो गोळा पहिल्या रांगेत फिरवा. मिक्सर सलग फिरवला तर भांडं तापतं आणि भरड राहायची सोडून लगदा होतो, हे तेव्हाच सांगा. कृती सांगितली तर गिऱ्हाईक जाईल ही भीती नको. कुटायचा व्याप डोळ्यांनी बघितलेली बाई उलट ऑर्डरच देते. खलबत्त्याखाली टॉवेलची चौपदरी घडी ठेवा (सोलापुरात टॉवेलला काय तोटा!), नाहीतर टेबलाची थडथड माइकमधून येते.

ओळख १ मिनिट, कुटणं-सांगणं ८, प्रश्न ४. उरलेली २ मिनिटं हातात ठेवा, कार्यक्रम उशिरा सुरू होणारच.

माइक तोंडापासून चार बोटं. स्पीकरच्या पुढे जाऊ नका. त्याचाच आवाज माइकमध्ये शिरतो आणि शिट्टी वाजते.

पूर्वभाग: चाखणं शेवटी. आधी वाटलंत तर कडक भाकरीच्या कुडुमकुडुममध्ये तुमचं बोलणं संपलं म्हणून समजा.
माणशी १० ग्रॅम धरली तर ४०० ग्रॅम चटणी, नेताना अर्धा किलो न्या. एका भाकरीचे ८ तुकडे, म्हणजे ५ पुरतात; मोडतोड धरून ८ न्या. पूर्ण गार करूनच डब्यात भरा. कोमट भरली तर वाफ धरते, चामट होते. शेंगदाणा कुणाला चालत नसेल तर तेवढं आधी विचारा.

क्यूआर कोडचा मोठा कागद भिंतीला लावून उपयोग नाही. ३ मीटरवरून स्कॅन व्हायला कोडच साधारण ३० सेंटिमीटरचा लागतो. छोट्या चिठ्ठ्या वाटा. पैशांचा आणि व्हॉट्सॲपचा कोड एकाच चिठ्ठीवर नको, गोंधळ होतो.

भाकरी_चटणी: शुगरवाल्यांना ज्वारी चांगली, असं बोललं तर चालेल का? आणि तारीख माझ्यावर सोडलीय.

खलबत्ता: "भाकरीनं शुगर उतरते" हे अजिबात बोलू नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, आणि आवाजातून केलेला दावाही जाहिरातीतच मोडतो. "मंगळवेढ्याची ज्वारी" हेही खरंच तिथली घेत असाल तरच म्हणा, तिला भौगोलिक मानांकन आहे. त्यापेक्षा ज्वारी कुठून घेता, दळण किती दिवसांचं आहे ते सांगा.

पूर्वभाग: गड्ड्याच्या यात्रेत (संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) होम आणि शोभेच्या दारूकामाची संध्याकाळ सोडून तारीख घ्या, अर्धी सोसायटी होम मैदानावर असते. तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या असतील तर नमस्कार नि किंमत त्यांच्या भाषेत सांगा. बाकी मराठीत चालतंय की ओ. ऑर्डरवही दाराशी बसवा, स्टेजजवळ नको. वाण घेतलं की बायका थेट चपला शोधतात.