मलजल केंद्रांसाठीचं निवेदन: अनुदान आणि निकषांबाबत नेमकं काय मागावं?

मिठीकाठ
मलनिःसारण क्षेत्रातल्या अभियंत्यांची आमची संघटना केंद्र, राज्य आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला निवेदन देणार आहे. मसुद्यात दोनच मागण्या आहेत: अनुदान वाढवा आणि निकष शिथिल करा. दोन्ही फार ढोबळ वाटतात. मुंबईतली सात नवी केंद्रं (वरळी 500, मालाड 454, धारावी 418, वांद्रे 360, घाटकोपर 337, भांडुप 215, वर्सोवा 180, एकूण 2464 एमएलडी, म्हणजे रोज दशलक्ष लिटर) डोळ्यांसमोर ठेवून मांडणी कशी करावी? कोणते आकडे जोडावेत?

उदंचन
“शिथिल करा” हे शब्द आधी काढून टाका. त्या दोन शब्दांमुळे बाकीचं निवेदन कोणी वाचणार नाही, आणि खाडीकाठी राहणाऱ्यांनी ते का मान्य करावं? तुमची खरी अडचण चालवण्याच्या खर्चाची आहे, ती मांडा.

अनुदान बांधकामाला मिळतं. वीज, रसायनं, गाळ आणि माणसं यांचा खर्च दर महिन्याला पालिकेच्या महसुली खात्यावर पडतो. नायट्रोजन काढणाऱ्या केंद्राला घनमीटरमागे 0.5 युनिट वीज धरा. 2464 एमएलडी म्हणजे रोज 24.64 लाख घनमीटर, म्हणजे रोज 12.32 लाख युनिट. 8 रुपये युनिट धरला तर वर्षाला साधारण 360 कोटी, फक्त विजेचे. दोन्ही गृहीतकं निवेदनात उघड लिहा आणि शक्य तिथे स्वतःच्या केंद्राचं बिल जोडा.

आता वसुली बघा. 2022-23 मध्ये मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला (म्हणजे एका घनमीटरला) 6.36 रुपये झाला. मलनिःसारण आकार त्याच्या 70 टक्के, म्हणजे 4.45 रुपये. वरच्या हिशेबाने त्यातले 4 रुपये विजेतच जातात. उरलेल्या 45 पैशांत गाळ, क्लोरिन, पॉलिमर, दुरुस्ती आणि मलवाहिन्यांची सफाई बसत नाही. व्यावसायिक ग्राहकांचा जादा दर काही भार उचलतो, तो हिशेबात वेगळा दाखवा, नाहीतर पहिला प्रश्न त्यावरच येईल.

गाळ विसरू नका. घनमीटरमागे 0.2 किलो सुका गाळ धरला तर रोज सुमारे 490 टन. सेंट्रिफ्यूजमधून (गाळातलं पाणी वेगाने फिरवून काढणारं यंत्र) निघणाऱ्या केकमध्ये, म्हणजे ओलसर घट्ट गाळात, 20 टक्केच घनपदार्थ असतात, म्हणजे रोज जवळपास 2460 टन केक. दहा टनी डंपरच्या 246 खेपा. तो टाकायचा कुठे आणि त्याचे पैसे कोण देणार, हे बहुतेक प्रकल्प अहवालांत एका ओळीत उरकलेलं असतं. त्यासाठी स्वतंत्र, पाच वर्षांचा, कामगिरीशी जोडलेला चालन-देखभाल निधी मागा.

प्रयोगशाळा_बाई
निकषांबद्दल. 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 20 मिग्रॅ होता. राष्ट्रीय हरित लवादाने 30 एप्रिल 2019 च्या आदेशात तो 10 वर आणला, शिवाय सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) 50, एकूण नायट्रोजन 10, फॉस्फरस 1, सगळं लिटरला मिग्रॅमध्ये. हे आकडे गाठता येतात. मागायचं ते एवढंच, की आकडा कोणत्या नमुन्यावर मोजायचा हे संमतीपत्रात (केंद्र चालवायला मंडळ देतं त्या परवानगीत) लिहा. एका बाटलीवर की 24 तासांच्या मिश्र नमुन्यावर? कमाल मर्यादा की मासिक सरासरी? हे न लिहिल्यामुळे पंधरा मिनिटांच्या बिघाडाला आणि महिनाभराच्या हलगर्जीला सारखीच नोटीस मिळते.

कारणही द्या. एक किलो अमोनियाचा नायट्रोजन नायट्रेट करायला 4.57 किलो ऑक्सिजन लागतो आणि 7.14 किलो क्षारता (आम्ल शोषून घेण्याची पाण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खर्च होते. नायट्रेटमधून नायट्रोजन सोडवायला जिवाणूंना कार्बन लागतो, आणि मुंबईच्या पावसाळ्यात मैलापाणी पातळ होऊन नेमका तोच कमी पडतो. म्हणून जून ते सप्टेंबरची आकडेवारी वेगळी जोडा.

मिठीकाठ
प्रयोगशाळाताई, भरतीच्या वेळी आमच्याकडे सीओडी अचानक चढतो. तो आकडा निवेदनात द्यावा का?

प्रयोगशाळा_बाई
क्लोराइड मोजल्याशिवाय देऊ नका. किनाऱ्यालगतच्या खोल वाहिन्यांत सांध्यांतून समुद्राचं पाणी शिरतं. सीओडी मोजण्याच्या डायक्रोमेट पद्धतीत समुद्राच्या मिठातला क्लोराइडही डायक्रोमेट खातो आणि खोटा सीओडी दिसतो. क्लोराइडला बांधून ठेवायला 20 मिली नमुन्यात घातलेलं 0.4 ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट 40 मिग्रॅ क्लोराइडला, म्हणजे लिटरला 2000 मिग्रॅपर्यंत पुरतं. त्यापुढे निकाल भरवशाचा नाही. प्रत्येक नमुन्यासोबत क्लोराइड, भरतीची वेळ आणि उंची लिहा. यातूनच वाहिन्यांच्या पुनर्वसनासाठी निधी मागण्याचा तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा तयार होईल: खारं पाणी उपसायला, हवा मारायला आणि गंजलेलं काँक्रीट बदलायला रोज पैसे जातात.

गाळ_आणि_गणित
कुठे काय मागायचं ते वेगळं करा. 2021 मध्ये सुरू झालेल्या अमृत 2.0 या केंद्र सरकारच्या शहरी पाणी-मलनिःसारण योजनेत दहा लाखांवरच्या शहरांना केंद्राचा वाटा 25 टक्के ठरला, तेव्हा बाकीच्या पैशांचा आराखडा तुमच्या कागदावर दिसला पाहिजे. गाझियाबादने 2021 मध्ये 150 कोटींचे हरित रोखे (पर्यावरणाच्या कामासाठी बाजारातून घेतलेलं कर्ज) काढले ते सांडपाण्याच्या तृतीयक, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या जादा शुद्धीकरणासाठीच. पण रोखे फेडायला हमखास उत्पन्न लागतं, म्हणून प्रक्रिया केलेल्या पाण्याचा खरेदीदार आधी शोधा. 2016 च्या वीज दर धोरणात मलजल केंद्रापासून 50 किमीच्या आतल्या औष्णिक प्रकल्पांनी असं पाणी वापरायचं आहे. ऊर्जा विभागाला त्याच्या अंमलबजावणीची तारीख मागा.

पालिकेला पत्र द्यायचं तर नोव्हेंबरच्या आत द्या. अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुरुवातीला मांडला जातो, खात्यांचे प्रस्ताव त्याच्या बरेच आधी गोळा होतात. मंडळाला पाठवायच्या पत्रात पैशांचा विषय अजिबात नको. तिथे फक्त नमुना पद्धत आणि बिघाड कळवण्याची मुदत.

उदंचन
त्यात एक भर: बिघाड कळवण्याची मुदत मागताना बदल्यात काय देणार ते लिहा. बायपास गेट (प्रक्रिया न करता पाणी बाहेर सोडणारं दार) उघडल्यापासून दोन तासांत कळवू, किती वेळ आणि अंदाजे किती पाणी गेलं ते नोंदवू, गेटला सेन्सर बसवू. सेन्सरची नोंद लोकांना वेबसाइटवर दिसू द्या.