मदत हवी आहे : पॅरिशच्या जुन्या वर्कहाउसच्या विक्रीची नोंद

इंग्लंडमधील सफोक परगण्यातले आमचे भाड्याचे कॉटेज पूर्वी पॅरिशचे (चर्चच्या हद्दीनुसारच्या स्थानिक कारभार-विभागाचे) वर्कहाउस, म्हणजे निराधारांना आसरा देऊन राबवून घेणारे घर, होते असे गावात सांगतात. दर्शनी भिंतीत विटांनी बुजवलेले दुसरे दार अजून दिसते. १८३४च्या गरीब-साहाय्य कायद्यानंतर अनेक पॅरिशांची मिळून एक युनियन, म्हणजे गरिबांच्या मदतीचा संयुक्त विभाग, झाली आणि अशा अनेक इमारती विकल्या गेल्या. टाइथ नकाशात, म्हणजे चर्चला द्यायच्या कराच्या आकारणीसाठी काढलेल्या जमिनींच्या नकाशात, हे घर खासगी मालकीचे आहे, १८४१च्या जनगणनेत तिथे शेतमजुरांची दोन कुटुंबे आहेत. व्हेस्ट्रीची (पॅरिशचा कारभार पाहणाऱ्या सभेची) इतिवृत्ते मात्र १८२०लाच थांबतात आणि मालकिणीकडे जुनी खरेदीखते नाहीत. विक्रीला लंडनच्या पुअर लॉ कमिशनची (गरीब-साहाय्यावर देखरेख करणाऱ्या मंडळाची) मंजुरी लागत असल्याने लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारातील, युनियननिहाय बांधलेला ‘एमएच १२’ या मालिकेतील कमिशनचा पत्रव्यवहार पाहायचा आहे. हाताशी एकच दिवस असताना कोणत्या वर्षांचे खंड आधी मागवावेत?