पुण्यात डॉन रेडवूड येईल का? (पिरंगुटच्या पुढे प्लॉट आहे)

ओढ्याकाठचा
नमस्कार मंडळी, पिरंगुटच्या पुढे आमचा छोटा प्लॉट आहे, एका बाजूने ओढा जातो. घर पुढच्या वर्षी होईल पण झाडं आत्ताच लावून टाका असं बाबांचं म्हणणं. मला डॉन रेडवूड म्हणजे मेटासेक्वोया प्रचंड आवडलंय, सूचिपर्णी असून थंडीत पानं तांबूस होऊन गळतात आणि वाढ वर्षाला दोन-तीन फूट आरामात. नर्सरीवाला म्हणतो पुण्यात मस्त येतं. कंपाउंडच्या कडेने ओळीने लावायचा विचार आहे, कुणाला अनुभव?

टेकडीवाली
झाड खरंच विलक्षण आहे. 1941 मध्ये जपानच्या शिगेरू मिकींनी जीवाश्मांवरून ही प्रजात वेगळी ओळखली, सगळ्यांना वाटलं संपलेलं झाड, आणि नंतर त्याच दशकात मध्य चीनमध्ये जिवंत झाडं सापडली! 1948 पासून बिया जगभर गेल्या. पण ते थंड हिवाळ्याचं आणि बारमाही ओलाव्याचं झाड आहे हो. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर, मग मेपर्यंत ठणठणीत कोरडं आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशीला. मुळाशी पाणी कमी पडलं की याची पानं उन्हाळ्यातच करपून गळतात. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर आणखी वाईट, त्याला आम्लधर्मी माती लागते. अख्खी ओळ लावू नका, माझं स्पष्ट मत.

माती_आणि_मुळं
+1. असंच रूप हवं असेल तर टॅक्सोडियम बघा, म्हणजे बाल्ड सायप्रस. अमेरिकेच्या लुइझियानातल्या दलदलीतलं, उकाडा सहन करतं, पाण्यात पाय बुडवून उभं राहतं. त्याचाच भाऊबंद मॉन्तेझुमा सायप्रस मेक्सिकोचा, तो तर आणखी गरम हवेचा, ओआहाकाजवळ तूले गावात त्याचं एक झाड आहे ज्याचं खोड जगात सगळ्यात जाड मानतात. फक्त उबदार हवेत तो पूर्ण पानगळ करत नाही हे लक्षात ठेव.
आणि रोप घेताना पानं नीट बघ, नर्सरीत दोन्ही एकाच नावाने विकतात. मेटासेक्वोयाची बारीक पानं काडीवर समोरासमोर असतात, टॅक्सोडियमची आलटून पालटून.

ओढ्याकाठचा
अरे हे माहीतच नव्हतं, रोपाचे फोटो परत बघतो. ओढा मात्र डिसेंबरपर्यंतच वाहतो, मग टॅक्सोडियमला पण ठिबक लागेल ना?

माती_आणि_मुळं
हो, पहिली काही वर्षं तरी नक्की. पाऊस सुरू झाला की लाव, आळं मोठं कर, त्यात पालापाचोळा जाड पसर म्हणजे ओल टिकते, आणि खोडाला मात्र तो चिकटू देऊ नकोस. एकच लाव ओढ्याच्या सगळ्यात ओल्या कोपऱ्यात, घर आणि सेप्टिक टँकपासून चांगलं लांब, झाड शंभर फूट जाऊ शकतं.

टेकडीवाली
आणि बाकीच्या ओळीला अर्जुन, करंज, ताम्हण लावा ना. ओढ्याकाठचीच झाडं आहेत ही, अर्जुन चांगला उंच होतो, ताम्हण पानगळ करतो आणि मे महिन्यात जांभळा फुलतो, आपलं राज्यफूल आहे ते. बाबांना विचारा, त्यांना अर्जुन नक्की आवडेल.