प्रतिसाद : लेडेकीची दोन महाविद्यालयीन वर्षे

अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी महाविद्यालयाकडून जेमतेम दोन हंगाम पोहली, त्यामुळे तो काळ तिच्या कारकिर्दीत गौण ठरतो, असे वरील एका प्रतिसादात म्हटले आहे; ते मला पटत नाही. रिओ ऑलिंपिकनंतर २०१६ मध्ये ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाली आणि २०१७ व २०१८ या दोन वर्षांत तिने रिलेसह एनसीएएची (अमेरिकी महाविद्यालयीन क्रीडा संघटनेची) आठ विजेतेपदे मिळवली. संघही दोन्ही वर्षी विजेता ठरला.

मुख्य म्हणजे महाविद्यालयीन लांब पल्ल्याची शर्यत वेगळीच असते. तलाव २५ यार्डांचा, म्हणजे २३ मीटरहूनही थोडा कमी, त्यामुळे १६५० यार्डांसाठी ६६ फेऱ्या आणि ६५ वळणे घ्यावी लागतात, तर ऑलिंपिकच्या १५०० मीटरमध्ये वळणे २९च. पलीकडच्या काठावर एक सहकारी फेऱ्यांच्या आकड्यांची पाटी पाण्यात बुडवून धरते आणि शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या की त्याजागी नारिंगी रंग दिसतो. लेडेकीची खरी ताकद वळणांपेक्षा सलग पोहण्यात आहे (हे माझे मत), तरीही नोव्हेंबर २०१७ मध्ये तिने हे अंतर १५ मिनिटे ०३.३१ सेकंदांत कापून विक्रम केला.

मार्च २०१८ मध्ये ती व्यावसायिक झाली, कारण महाविद्यालयीन खेळाडूंना त्या वेळी जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा नव्हती. ही मुभा २०२१ मध्ये मिळाली. पदवी मात्र तिने स्टॅनफर्डमधूनच पूर्ण केली.