राग कशाचा, ते नीट ठरवा

भुतं पकडणाऱ्या टोळीवरचा १९८४चा हॉलिवूड विनोदपट ‘घोस्टबस्टर्स’ २०१६ साली मुख्य भूमिकांत बायका घेऊन नव्याने काढला. ‘बायकांना घेतलं म्हणूनच २०१६चा घोस्टबस्टर्स आपटला’ असं तुम्ही लिहिलंत, ते मला मुळीच पटलं नाही. चित्रपट फसलाय, हे मान्य. १९८४च्या चित्रपटात बिल मरे ज्या थंडपणे एकेक वाक्य टाकतो, ती लय नव्या चित्रपटाचा दिग्दर्शक पॉल फीगला सापडली नाही. प्रसंग उगाच लांबतात. शिवाय जुनी गोष्ट जणू घडलीच नाही अशी सुरुवात केली, ते जुन्या चाहत्यांना लागलं. यावर हवी तेवढी टीका करा. पण मार्चमध्ये नुसता ट्रेलर आला आणि यूट्यूबवर नापसंतीचा पाऊस पडला, तेव्हा चित्रपट पाहिला होता कोणी? जुलैत त्यातली कृष्णवर्णीय अभिनेत्री लेस्ली जोन्सला वर्णावरून इतक्या घाणेरड्या शिव्या दिल्या, की तिने काही काळ ट्विटर सोडलं. हे चित्रपटावरचं प्रेम नव्हे.

तुमच्यासारख्या बडोद्याच्या मराठी माणसाने असं लिहावं याचं तर जास्तच वाईट वाटतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी राजाश्रय दिलेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्व नायिका व्हायचे, आणि लोक जीव ओवाळून टाकायचे. अभिनेत्री कमलाबाई गोखल्यांनी रंगभूमीवर पुरुष भूमिका केल्या. त्या काळचा प्रेक्षक हे पचवू शकला, मग आपल्याला काय झालं?

घोस्टबस्टर्सच्याच २०२१च्या भागात मॅकेना ग्रेस ही मुलगीच केंद्रस्थानी आहे. तिच्यावर एवढा गदारोळ झाला नाही, कारण गोष्ट जुन्या धाग्याला जोडलेली होती.

आणि २०१६च्या चित्रपटातली केट मॅकिननने केलेली हॉल्ट्झमन पुन्हा एकदा बघा. शेवटच्या लढाईत दोन्ही हातांत पिस्तुलं घेऊन ती जे करते, ते बघून मग बोलू.