शॉवरच्या काचेला कोटिंग करून घ्यावे का?

प्रश्न : आम्ही पाथर्डी फाट्याजवळ राहतो. नळाला महापालिकेचे पाणी असले, तरी उन्हाळ्यात सोसायटी बोअरचे पाणी मिसळते आणि बादलीच्या कडेलाही पांढरा थर धरतो. नव्या बाथरूममध्ये ८ मिमी टफन्ड काच बसवायची असून दुकानदार ‘ईझी क्लीन’ कोटिंगचे वेगळे पैसे मागत आहेत. ते द्यावेत का?

उत्तर १ : बोअरचे पाणी असेल तर जरूर द्यावेत, मात्र कोटिंग म्हणजे डागांपासून कायमची सुटका नव्हे. कोटिंगमुळे पाण्याचे थेंब काचेला चिकटून न राहता ओघळून जातात, परंतु जे थेंब तिथेच वाळतात, त्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मागे उरतातच. कोटिंग कारखान्यात केलेले आहे की बसवल्यावर हाताने चोळायचे आहे, हे आधी विचारा, कारण हाताने चोळलेले लवकर झिजते. काचेची कोटिंग केलेली बाजू आत येणार, हेही बिलावर लिहून घ्या. आमच्याकडच्या मिस्त्रीने उलटी बसवली होती.

उत्तर २ : अंघोळ झाल्याबरोबर रबरी वायपर वरून खाली फिरवावा, बिजागरीजवळ आणि तळाच्या पट्टीवर तो पोचत नाही, तिथे मायक्रोफायबर फडके लागते. संडास साफ करायचे ॲसिड आणि तारेची घासणी काचेजवळही नेऊ नये. कामवाल्या मावशींना हे आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. वॉरंटीत खारे पाणी वगळले आहे का, ते आता विचारतो.

उत्तर १ : बहुधा तीच अट बारीक अक्षरांत असते.